सात लोणांचा सामना

१ मार्च २०२४ ची रात्र. खर्ड्याच्या स्टँडजवळ एका हॉटेलात टीव्हीपुढे पंधरा-वीस माणसे चहा गार करत बसली होती. हैदराबादच्या गचिबावली स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूला पुणेरी पलटण, दुसऱ्या बाजूला हरियाणा स्टीलर्स. पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार आपल्याच नगर जिल्ह्याचा, श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. खर्डा जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला आणि श्रीरामपूर उत्तरेला, म्हणजे दोन्ही गावांचा एकमेकांशी संबंध काहीच नाही. पण त्या रात्री टाकळीभान आम्हाला शेजारच्या वस्तीसारखे वाटत होते. सामना २८–२५ असा पुण्याने जिंकला आणि कुणीतरी बाहेर फटाक्यांची माळ लावली.

माझ्याशेजारी तात्या बसले होते. तरुणपणी ते परळच्या एका गिरणीत होते, गिरणीच्या संघातून हुतुतू खेळले आणि ब्याऐंशीच्या संपानंतर गावी परतले. सगळे उठून नाचत असताना त्यांनी मला विचारले, "गुरुजी, आख्खा सिझन खेळले, आन् निकाल ह्या एकाच मॅचवर?"

"हो, तात्या. फायनल एकच असते."

"आन् उद्या परत खेळले तर?"

तीन गुणांनी जिंकलेला सामना दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळला तर काय होईल, हे कुणाला सांगता येणार? मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि त्याचा पाठपुरावा करताना मी कबड्डीच्या जुन्या नियमांपर्यंत आणि तिथून थेट ऑस्ट्रेलियाच्या बास्केटबॉलपर्यंत जाऊन पोचलो. अजिंक्य कोण, हे ठरवायचे कसे, एका सामन्यावर की सामन्यांच्या मालिकेवर, या प्रश्नाला इतिहास आहे. त्या इतिहासाचा एक धागा आपल्या मातीत पुरलेला आहे आणि तो आपण स्वतःच पुरला आहे, असे माझे मत झाले. ते या लेखात मांडतो.

प्रथम ऑस्ट्रेलिया, कारण तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे अगदी शब्दशः मिळते. पुणे जिंकल्यानंतर बरोबर तीस दिवसांनी, ३१ मार्च २०२४ रोजी, तिथल्या राष्ट्रीय बास्केटबॉल लीगचा विजेता ठरला. ही व्यावसायिक लीग १९७९ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी तिथेही अंतिम सामना एकच होता. सेंट किल्डा संघाने कॅनबेराला ९४–९३ असे, केवळ एका गुणाने हरवले आणि विजेतेपद नेले. बास्केटबॉलमध्ये एक गुण म्हणजे कुणी तरी चुकवलेली एक साधी फ्री थ्रो. हे खटकणारच. १९८६ पासून अंतिम फेरीत तीन सामने आले आणि दोन जिंकणारा अजिंक्य ठरू लागला. २००३–०४ च्या हंगामात पाच सामने झाले, तीन जिंकेल तो अजिंक्य. पुढे खर्चापायी आणि लीगच्या ओढाताणीपायी काही वर्षे पुन्हा तीनवर यावे लागले, पण २०१६–१७ पासून पाच सामन्यांची पद्धत परत आली. म्हणजे हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. पैसा कमी झाला की मालिका आखडली आणि पैसा आला की लांबली.

२०२४ ची ती मालिका मेलबर्न युनायटेड आणि टास्मानिया जॅकजंपर्स यांच्यात झाली. जॅकजंपर ही टास्मानियातली उड्या मारणारी, कडकडून डसणारी एक मुंगी. संघाला मुंगीचे नाव देणारे लोक मला आवडले. मेलबर्नचा संघ साखळीत पहिला आलेला, टास्मानियाचा लीगमध्ये येऊन तिसराच हंगाम. पहिला सामना मेलबर्नने १०४–८१ असा, तब्बल तेवीस गुणांनी जिंकला. अंतिम फेरी एकाच सामन्याची असती तर तिथेच गुलाल उधळला गेला असता. पण दुसरा सामना टास्मानियाने ८२–७७ असा घेतला. तिसऱ्यात अगदी शेवटच्या क्षणी जॅक मॅकव्हे नावाच्या खेळाडूने मैदानाच्या मध्याजवळून फेकलेला चेंडू टोपलीत पडला आणि टास्मानिया ९३–९१ असे जिंकले. चौथा मेलबर्नने ८८–८६ असा खेचला. पाचवा मेलबर्नच्याच अंगणात होता आणि तो टास्मानियाने ८३–८१ असा जिंकला.

आता पाचही सामन्यांची बेरीज करून पाहा. मेलबर्नचे ४४१ गुण, टास्मानियाचे ४२५. जो संघ सोळा गुणांनी पुढे तो हरला आणि मागे असलेला जिंकला. म्हणजे मालिका ही नुसती बेरीज नव्हे. ती प्रत्येक दिवस वेगळा मोजते. पहिल्या दिवशी तेवीसने मार खा, तो एकच पराभव धरला जातो. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. 'उद्या परत खेळले तर' याचा अर्थ हाच.

हे मी तात्यांना कागदावर मांडून दाखवले. त्यांनी कागद लांब धरून नीट पाहिला आणि म्हणाले, "हे तर गामिनीवाणी झालं."

मी थबकलो. हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, पण कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तात्यांनाही तो त्यांच्या गिरणीतल्या थोराड खेळाडूंकडून ऐकून ठाऊक. ते स्वतः त्या पद्धतीने खेळलेले नव्हते.

कबड्डीच्या इतिहासात तीन जुने प्रकार सांगतात : संजीवनी, गामिनी आणि अमर. आज आपण मॅटवर पाहतो तिचा वंश संजीवनीचा. तिच्यात बाद झालेला गडी, समोरचा गडी बाद झाला की पुन्हा जिवंत होऊन मैदानात येतो, आणि सामना घड्याळावर चालतो. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजायचे. गामिनीची तऱ्हा निराळी. तिथे सात-सात गडी. एकदा मेला तो मेला, आपला सगळा संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेर बसायचे. एका बाजूचे सातही गडी गारद झाले की दुसऱ्या बाजूला एक लोण. मग सगळे पुन्हा उभे राहणार आणि नव्याने डाव सुरू. असे पाच किंवा सात लोण होईपर्यंत सामना चालायचा. त्याला वेळेचे बंधन नव्हते.

हे नीट पाहिले तर गामिनीचा एक सामना म्हणजेच एक मालिका. प्रत्येक लोण हा स्वतंत्र डाव. एका डावात समोरच्याचा एकही गडी न गमावता आपला सुपडा साफ झाला, तरी पुढच्या डावात त्याचे ओझे नाही. मेलबर्नच्या तेवीस गुणांसारखे ते तिथेच संपते. ऑस्ट्रेलियाच्या बास्केटबॉलला जे गवसायला १९७९ ते २००३ इतका काळ लागला, ते आपल्या गावखेड्यांतल्या खेळात आधीपासूनच होते. ही बढाई नव्हे, त्यांनी आपल्याकडून काही उचलले असे तर मुळीच म्हणायचे नाही. सांगायचे इतकेच की 'पुन्हा खेळून पाहू' ही कल्पना आपल्याला परकी नव्हती. मग ती गेली कुठे?

ती घड्याळाने खाल्ली. १९१८ च्या सुमारास महाराष्ट्रात या खेळाचे नियम लिहून काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९२३ साली नियम छापून निघाले आणि त्याच वर्षी बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली. ज्याला स्पर्धा भरवायची त्याला एकामागून एक सामने उरकायचे असतात. अमुक वाजता सुरू, तमुक वाजता शेवट, हे ठरल्याशिवाय कार्यक्रमपत्रिका छापता येत नाही. पाच लोण होईस्तोवर कधी एक तास, कधी तीन, असा खेळ स्पर्धेच्या पत्रिकेत बसत नाही. म्हणून घड्याळ असलेली संजीवनी तगली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे करून दाखवले, त्यात हुतुतू होता. परदेशी प्रेक्षकांसमोर खेळ करून दाखवायचा तर तो आटोपशीरच हवा. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ आला, राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, आणि नियम एक झाले. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी आयुष्य वेचून हा खेळ आशियाभर नेला. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० ला बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. नियम एक झाले नसते तर हे घडले नसते, यात शंका नाही. पण एकाच नियमाची किंमत म्हणून काहीतरी मागे टाकावे लागते आणि आपण गामिनी मागे टाकली. तिच्यातला 'लोण' तेवढा शिल्लक राहिला. आज त्याला दोन जादा गुण मिळतात, एवढीच त्याची मिळकत. एके काळी तो गडी स्वतंत्र राज्याचा धनी होता, आता पगारी कारकून आहे.

घड्याळाच्या जोडीला आली बाद पद्धत. आपल्या भागात यात्रेतल्या कबड्डीच्या स्पर्धा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती वेगळी सांगायला नको. मुरूम पसरून, पाणी मारून, धुमस करून मैदान तयार व्हायचे. फक्कीने रेषा आखायच्या. संध्याकाळी पंचवीस-तीस संघ टेम्पोतून उतरायचे, फी भरायचे आणि चिठ्ठ्या टाकल्या जायच्या. शहरातले लोक त्याला भाग्यपत्रिका म्हणतात. शब्द छान आहे, कारण त्यात भाग्य हेच मुख्य असते. कुणाला पहिल्याच फेरीत तालुक्यातला सर्वांत बळकट संघ, कुणाला 'पुढे चाल'. हरला तो टेम्पोत बसून परत. पहाटे चारला अंतिम सामना. तोवर एका संघाने पाच सामने ओढलेले असायचे, गुडघे फुटलेले, आणि समोरच्याने पुढे चाल मिळाल्याने चारच. हा न्याय कितपत न्याय आहे, हे कुणी विचारत नसे. सकाळी ढाल घेऊन जाणाऱ्याला दुपारी शेतात जायचे असे आणि मांडववाल्याला मांडव सोडायचा असे. एका रात्रीत निकाल लागणे ही तिथली गरज होती. मीही अशा एका स्पर्धेत सहा वर्षे गुणलेखक म्हणून बसलो आहे. बरोबरी झाली की पाच-पाच चढायांचा डाव लावायचा आणि तेवढ्यात कोंबडे आरवायचे, हे मला पक्के आठवते.

तेव्हा २०१४ साली प्रो कबड्डी आली तेव्हा तिने बाद फेरी बाहेरून आणली, हा समज काढून टाकला पाहिजे. बाद फेरी आपलीच. लीगने आणली ती साखळी. आठ संघ, प्रत्येकाचे चौदा सामने, त्यातून वरचे चार संघ उपांत्य फेरीत. गावच्या खेळाडूला पहिल्यांदाच असे दिवस लाभले की आज हरलो तर परवा पुन्हा संधी आहे. शिवाय वेतन. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती राकेश कुमारवर, पाटणा पायरेट्सने लावलेली, १२ लाख ८० हजारांची. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर लागलेला आकडा २ कोटी ६० लाख ५० हजार होता. नऊ वर्षांतली ही वाढ आहे.

मात्र साखळी संपली की लीग पुन्हा यात्रेतल्या पहाटेवर येते. पहिले चार हंगाम चार संघांची बाद फेरी होती. पहिल्या तिन्ही हंगामांत मुंबईचा यू मुंबा अंतिम फेरीत होता, अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली. ३१ ऑगस्ट २०१४ ला मुंबईतच जयपूर पिंक पँथर्सकडून २४–३५ असा पराभव. २०१५ ला मुंबईतच बंगळुरू बुल्सवर ३६–३० असा विजय. मार्च २०१६ मध्ये दिल्लीत पाटण्याकडून २८–३१ अशी हार. तीन वर्षांत तीन अंतिम सामने आणि पदरात एक विजेतेपद. इतके सातत्य असलेला संघ इतिहासात 'एकदा जिंकलेला' म्हणून नोंदला जातो. एका सामन्याच्या अंतिम फेरीचा हा स्वभावच आहे.

२०१७ ला संघ बारा झाले, सामने १३८ वर गेले आणि बाद फेरीत सहा संघ आले. एलिमिनेटर, क्वालिफायर हे क्रिकेटच्या कृपेने कानावर पडलेले शब्द कबड्डीत शिरले. त्या वर्षी गुजरात क्वालिफायर जिंकून सरळ अंतिम फेरीत पोचला. पाटणा मात्र एलिमिनेटरच्या पायऱ्या चढत, वाटेत पुण्याला ४२–३२ असे बाहेर काढत आला. अंतिम सामन्यात दमलेला संघ हरायला हवा. पाटण्याने ५५–३८ असा फडशा पाडला. प्रदीप नरवालच्या चढाया त्या दिवशी कुणाला अडवता आल्या नाहीत. सरळ वाट मिळणे म्हणजे फायदाच, हे गणित तिथे चुकले. पुढे २०१९ पासून पहिल्या दोन संघांना थेट उपांत्य फेरी अशी सवलत आली, आणि २०२५ च्या हंगामात तर बाद फेरीत आठ संघ घेऊन तिच्या आणखी पायऱ्या वाढवल्या. बारा हंगामांत बाद फेरीची रचना तीन वेळा बदलली. एकच गोष्ट कधी बदलली नाही. अंतिम सामना एकच.

असे का? माझ्या मते कारणे तीन, पण त्यांचे वजन सारखे नाही. पहिले, टीव्ही. एका रात्रीची उत्कंठा विकायला सोपी असते. हे कारण सगळे सांगतात आणि ते खरेही आहे, पण बास्केटबॉललाही टीव्ही आहेच, तरी तिथे मालिका होते. दुसरे कारण शरीर. कबड्डीत चढाई करणाऱ्यावर तीन-तीन, चार-चार जण झेपावतात, घोटा धरतात, मांडी आवळतात. त्याच दोन संघांना आठ दिवसांत पाच वेळा भिडवले तर शेवटच्या सामन्यात मैदानापेक्षा बाकावर जास्त लोक दिसतील. तरीही तीन सामने अशक्य नाहीत. यात्रेत एका रात्रीत पाच होतातच.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि त्याची चर्चा कमी होते. प्रो कबड्डीतल्या संघांना खरे घर नाही. मालिका कशासाठी असते? एक सामना तुझ्या गावी, एक माझ्या गावी, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांचा आवाज निकालात उतरावा यासाठी. २०२४ च्या त्या ऑस्ट्रेलियन मालिकेत सामने मेलबर्न आणि होबार्ट यांच्यात आलटून पालटून झाले. प्रो कबड्डीचा तांडा मात्र एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो, सगळे संघ एकत्रच फिरतात, आणि बाद फेरी एकाच ठिकाणी होते. करोनाच्या काळात, २०२१–२२ ला, तर आख्खा हंगाम बंगळुरूच्या एका हॉटेलात प्रेक्षकांविना खेळला गेला आणि कबड्डी मुळीच अडली नाही. दिल्लीने पाटण्याला ३७–३६ असे एका गुणाने हरवले आणि विजेतेपद नेले. त्याच साथीच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, ऑस्ट्रेलियात पर्थ आणि सिडनी यांची मालिका मध्येच थांबली. पर्थ २–१ असे पुढे होते, सिडनीने पुढे खेळायला नकार दिला आणि पर्थला विजेता ठरवावे लागले. मालिकेला घर लागते, प्रवास लागतो, दिवस लागतात. ते नसले की ती अर्धीच राहते. एका रात्रीच्या सामन्याला यातले काहीच लागत नाही.

घर नसल्याचा विनोद आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये पाहिला. अकराव्या हंगामाची बाद फेरी पुण्याला, बालेवाडीत. पुण्याचा संघ गतविजेता, पण दुखापतग्रस्त, आणि बाद फेरीपर्यंतच पोचला नव्हता. यू मुंबा पहिल्याच सामन्यात पाटण्याकडून हरून बाहेर. पुण्यातल्या प्रेक्षकांनी हरियाणाला पाटण्यावर ३२–२३ असे जिंकताना पाहिले आणि टाळ्या वाजवल्या.

आता पुन्हा पुण्याकडे. अस्लमची गोष्ट मला या चर्चेच्या मध्यभागी ठेवावीशी वाटते, कारण एका रात्रीच्या न्यायाचे तिन्ही रंग त्याने पाहिले.

१७ डिसेंबर २०२२. मुंबईत वरळीच्या डोममध्ये नवव्या हंगामाचा अंतिम सामना, पुणे विरुद्ध जयपूर. पुण्याची ही पहिलीच अंतिम फेरी. साखळीत संघाला इथवर आणणारे दोन चढाईपटू, अस्लम इनामदार आणि मोहित गोयत, दोघेही दुखापतीमुळे बाहेर. पुणे २९–३३ असे हरले. इथे मालिका असती तर दोघांपैकी एक जण तिसऱ्या सामन्यात उतरला असता का? कदाचित. 'असते तर'ला इतिहासात जागा नाही असे आम्हाला प्राध्यापकांनी शिकवले होते. कबड्डीच्या गप्पांत मात्र त्याच्याशिवाय काही नसते.

पुढच्या हंगामात अस्लम कर्णधार झाला. दरम्यान ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत इराणला ३३–२९ असे हरवून सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय संघातही तो होता. शेवटच्या मिनिटांत गुणांवरून वाद होऊन खेळ बराच वेळ थांबलेला तोच सामना. मग दहावा हंगाम. पुण्याने साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडवले, २ गमावले आणि ९६ गुणांसह पहिले आले. या आकड्यात एक गंमत आहे. विजयाला ५ आणि बरोबरीला ३ गुण धरले तर बेरीज ९४ येते. उरलेले दोन कुठले? सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरले तर एक सांत्वनाचा गुण मिळतो. म्हणजे पुणे जे दोन सामने हरले, तेही निसटतेच हरले. अख्ख्या हंगामात या संघाला कुणी मोठ्या फरकाने हरवलेच नाही. उपांत्य सामन्यात पाटण्याला ३७–२१ असे लोळवले. 'अजिंक्य' हा शब्द साखळीवरून द्यायचा तर तो फेब्रुवारीतच देऊन टाकायला हरकत नव्हती.

तरीही १ मार्चला ते सगळे पणाला लागले. हरियाणा चिवट, गुण सुटता सुटेनात. पंकज मोहितेने एका चढाईत चार गडी टिपले. हॉटेलातला पोऱ्या हातातला ट्रे घेऊन तसाच उभा राहिला, हे मला आजही दिसते. पंकजचे नऊ गुण, मोहितचे पाच, गौरव खत्रीच्या पकडींचे चार. तीन गुणांनी सुटका झाली. मालिकावीर अस्लम ठरला. ज्या गचिबावलीत हे घडले तिथेच जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली सेनादलाला ३४–२९ असे हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. मराठी कबड्डीला हैदराबादचे पाणी मानवते म्हणायचे.

हैदराबादचे नाव निघाले की खर्ड्याच्या माणसाला आणखी एक सामना आठवणारच. ११ मार्च १७९५ ला याच गावच्या शिवारात मराठे आणि हैदराबादचा निजाम समोरासमोर आले. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखाली शिंदे, होळकर, भोसले, सगळे एकत्र. निजामअली मागे सरून खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला, कोंडला गेला, आणि तहाला आला. दौलताबादसह मोठा मुलूख, तीन कोटींची खंडणी, आणि त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या ताब्यात. आम्ही लहानपणी शाळेत हे सांगताना छाती फुगवत असू. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, वारसाहक्काचा घोळ सुरू झाला, आणि १७९६ च्या महाडच्या तहात नाना फडणविसांना निजामाची मदत मिळवण्यासाठी खर्ड्याला मिळालेले परत देण्याचे कबूल करावे लागले. खेळ आणि लढाई यांची तुलना मला एरवी आवडत नाही, लढाईत मेलेला गडी जिवंत होत नाही. पण मी हे तात्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे पहिला लोण आपला होता." यावर मला काही बोलता आले नाही.

राहिला तिसरा रंग. मधल्या हंगामात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला आणि संघ ढेपाळला, ते वर आलेच आहे. २०२५ ला तो परतला. साखळीत पुणे आणि दिल्ली यांचे १८ सामन्यांतून प्रत्येकी १३ विजय, गुणही सारखेच, २६. क्वालिफायरमध्ये हे दोघे भिडले आणि ३४–३४ अशी बरोबरी झाली. मग टायब्रेकर, म्हणजे आपला तोच पाच-पाच चढायांचा डाव, यात्रेतल्या पहाटेचा. तो दिल्लीने ६–४ असा जिंकला. पुण्याला दुसरी संधी होती, ती त्यांनी तेलुगू टायटन्सला ५०–४५ असे हरवून साधली. ३१ ऑक्टोबर २०२५ ला त्यागराज स्टेडियममध्ये, दिल्लीच्याच घरात, पुन्हा तेच दोन संघ. दिल्ली ३१, पुणे २८.

पाहा, नकळत इथे मालिका घडली. त्याच आठवड्यात त्याच दोन संघांचे दोन सामने, एक बरोबरीनंतरच्या चढायांवर, दुसरा तीन गुणांनी. निकाल दिल्ली २–०. आयोजकांनी त्याला मालिका म्हटले नाही, कागदावर ते क्वालिफायर आणि अंतिम सामना असे दोन वेगळे सामने. पण गामिनीच्या हिशोबाने दोन लोण दिल्लीचे झाले होते.

हा हिशोब सांगायला मी दुसऱ्या दिवशी तात्यांच्या वस्तीवर गेलो. ज्वारीच्या रानात पाणी सोडून ते बांधावर बसले होते. मी म्हटले, "तात्या, यंदा दोनदा खेळले, आणि दोन्ही वेळा दिल्लीच जिंकली. आता तरी पटलं का?"

"दोनच झाले नव्हं," तात्या म्हणाले. "सातातले."